पगार द्यायचा नाही तर जाहिरातीत १८ ते २५ हजार लिहिता कशाला?

जाहिरातीत काय लिहिलेलं, तर पगार १८ ते २५ हजार, फ्रेशर चालतील, सांगली-मिरज लोकल, त्वरित जॉइनिंग. आणि बोलवून, बाहेर ताटकळत बसवून, फॉर्म भरून घेऊन मग सांगायचं की मॅडम फिक्स काही नाही, सगळं कमिशनवर आहे, पण कमाईला लिमिट नाही. अहो वर लिमिट नाही तसं खाली पण नाही ना! काहीच विकलं नाही तर शून्य, आणि पेट्रोल जाणार ते वेगळंच. हे जाहिरातीत लिहायला काय धाड भरते तुम्हाला? "पगार नाही" एवढे दोन शब्द टाका की, मग बघू कोण येतंय एप्रिलच्या उन्हात तुमचे जिने चढत. डोकं फिरलंय माझं, खरंच.

काम काय तर वॉटर प्युरिफायर घरोघर जाऊन विकायचे. एका मशीनमागं १२०० रुपये, ते पण गिऱ्हाईकाचे पूर्ण पैसे जमा झाले आणि मशीन भिंतीला बसलं की मगच. तीन महिन्यांत कुणी मशीन परत केलं तर दिलेलं कमिशन पुढच्या हिशोबात कापून घेणार. डेमो किटचं डिपॉझिट २५०० आधी भरायचं, परत मिळतंय म्हणे, कधी ते कागदावर कुठंच नाही. गाडी माझी, पेट्रोल माझं, मोबाईल माझा, रिचार्ज माझा. विश्रामबाग, कुपवाड, माधवनगर, मिरज असं फिरायचं म्हणजे दिवसाला चाळीस किलोमीटर कुठं गेले नाहीत, स्कूटीला रोज लिटरभर लागणार, लिटर शंभरच्या वर, २६ दिवस धरले तर २७०० रुपये नुसतं पेट्रोल. म्हणजे महिन्यात दोन मशीन विकली तरी पेट्रोलच सुटत नाही आणि चार विकली तरी डिपॉझिट फिटत नाही. चार मशीन विकून मी उलट तोट्यात! सगळी पदरमोड माझी आणि मशीन विकलं गेलं की नाव कंपनीचं. पीएफ नाही, ईएसआय नाही, उद्या कुपवाड रोडला गाडी घसरून हात मोडला तर दवाखान्याचं बिल पप्पांनी भरायचं.

आणि घरच्यांचं वेगळंच. मामा म्हणतोय, घरी बसण्यापेक्षा बरं की. कसं काय बरं? घरी बसलं तर निदान खिशातले पैसे तरी जात नाहीत! मिरजेच्या हॉस्पिटलमधलं माझं बिलिंग काउंटरचं काँट्रॅक्ट संपल्यापासून घरात जो येतोय तो हेच वाक्य म्हणून जातोय, चहा पिऊन जातोय वर. मामाचा दुसरा मुद्दा असा की अगं मार्केट यार्डात आडत्या पण कमिशनवरच जगतोय की, त्यात कसला कमीपणा. मामा, कमीपणाचा विषयच नाही. माझे पप्पा यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत, मी लहानपणापासून बघत आलेय. आडत्याची स्वतःची पेढी असते, काटा असतो, माल शेतकरी त्याच्या दारात आणून टाकतो, सौदा उघड्यावर होतो. आणि त्या पेढीवर पप्पांना महिन्याचा पगार आहे, हळद विकू दे नाहीतर पडून राहू दे. हमालाला पोत्यामागं हमाली मिळते, सौद्यात हळदीचा दर पडला म्हणून त्या दिवशीची हमाली बुडत नाही, त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. म्हणजे धंद्यातली जोखीम मालकाची आणि अंगमेहनतीचे पैसे कामगाराचे. इथं उलटंच चाललंय, पोती पण मीच उचलायची आणि दर पडला तर तो पण मीच सोसायचा. हे पप्पांना बरोबर कळलं, त्यांनी काही न बोलता यार्डातल्या हिशोबाच्या पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं पेट्रोल, डिपॉझिट, मशीन असं मांडलं आणि कागद मामापुढं सरकवला. मामानं तो बघितला पण नाही.

आता मॅनेजरचं ऐका. म्हणे मुलींना दार लवकर उघडतात, त्यामुळं तुमचं सेल जास्त होईल, दुपारी दोन ते पाच जा, बायका घरात एकट्या असतात, निवांत ऐकतात. निवांत? सांगलीत दुपारी दोनला कुणाची बेल वाजवून दाखवा म्हणावं. विश्रामबागेत निम्म्या अपार्टमेंटला खाली पाटी आहे, सेल्समनना प्रवेश बंद. आणि बाई एकटी नसली, कुणी बाप्या एकटा असला तर? आत या म्हणाला तर? त्यावर उत्तर काय, तर "तेवढं जजमेंट तुम्हाला येतंयच की." मी आयकार्ड मागितलं तर म्हणे पहिली पाच मशीन झाली की देऊ. अहो, डायरेक्ट सेलिंगसाठी २०२१ चे नियम आहेत ग्राहक संरक्षण कायद्याखाली, त्यात सरळ आहे की आयकार्ड आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय विक्रेत्यानं गिऱ्हाईकाच्या घरी जायचंच नाही आणि कंपनीशी लेखी करार आधी झालेला पाहिजे. हे सांगितलं तर म्हणाले आम्ही त्यात येत नाही, आमचं नेटवर्क, म्हणजे माणसाखाली माणूस जोडायची साखळी, नाही. बरं. आणि पुढच्याच मिनिटाला कागदावर गोल काढून दाखवायला लागले, तुमच्याखाली चार मुली जोडा, त्यांच्या प्रत्येक मशीनमागं तुम्हाला २०० रुपये! हे नेटवर्क नाही तर काय आहे? लेटर मागितलं तर लेटर पण नाही, कारण कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं लागतं आणि आम्ही कामगारच नाही म्हणे, आम्ही पार्टनर.

पण मी खरी भडकले ती ट्रेनिंगच्या वेळी. मी बीएस्सी केमिस्ट्री आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा. दोन ग्लास घेतले, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. एक डबी, तिला खाली कांड्या, ती दोन्ही ग्लासांवर ठेवून प्लग लावला. नळाच्या पाण्यात बुडबुडे, मग पिवळट, मग हिरवट, मग तपकिरी गाळ वर आला, आणि मशीनचं पाणी तसंच स्वच्छ. ट्रेनर म्हणतोय, हे बघा, हे तुमची मुलं रोज पितात. आजूबाजूच्या पोरी तोंडावर हात ठेवून बघत होत्या. अहो ती लोखंडाची कांडी आहे! करंट सोडला की लोखंड विरघळतं आणि गंजासारखा गाळ होतो, तो पाण्यातला नाही, कांडीतला आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट जातो, आरओच्या म्हणजे या मशीनच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून तिथं काहीच होत नाही. त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत प्लग लावा, ते पण तसंच तपकिरी होतंय का नाही बघा. मी हात वर करून हे म्हणाले तर ट्रेनर म्हणतो, मॅडम गिऱ्हाईकाला केमिस्ट्री नको असते, भीती दाखवावी लागते. तोंडावर! सगळ्यांसमोर!

मग टीडीएस मीटर. आकडा ३०० आला की तोंड पाडायचं आणि "बापरे" म्हणायचं, हे शिकवलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात ५०० पर्यंत चालतं असं आहे, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. आणि टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यात जंतू मोजले जातच नाहीत. शहाळ्यात तो मीटर बुडवला तर आकडा हजारांत जाईल, मग काय शहाळं टाकून द्यायचं? आमच्याकडं लोकांना पाण्याची भीती आधीच आहे आणि ती खोटी नाही, नदीत घाण पाणी सोडलं की कृष्णेत मासे मरून वर येतात, तेव्हा हे सगळे बघतात. पुरानंतर पाणी उकळून प्यायलेली माणसं आहेत ही. बोअरचं जड पाणी असेल तर मशीन लागतं पण, मी मशीनच्या विरोधात नाहीच. पण ज्या म्हातारीला नळाचं पाणी गाळून उकळून पुरतंय तिला गंज दाखवून, घाबरवून, हप्त्यावर मशीन गळ्यात मारायचं? हे मला जमणार नाही. आणि हे का करायला लागतं, तर पगार नाही म्हणून! महिन्याला दहा-बारा हजार हातात पडणार असते तर मी एखाद्या घरात सरळ सांगितलं असतं की काकू तुम्हाला याची गरज नाही. कमिशनवर असलं की ते सांगणं म्हणजे १२०० रुपये हातचे घालवणं. खोटं बोलायचं माझ्या तोंडानं, शिव्या खायच्या मी, आणि कंपनीचे हात धुतलेले.

वर एक यादी करायला लावली, जवळच्या ५० लोकांची, नाव, नंबर, घराचा पत्ता. म्हणे सुरुवात ओळखीतनं होते. म्हणजे माधवनगरची आत्या, कॉलेजच्या मॅडम, हॉस्पिटलमधल्या सिस्टर. ही माणसं माझ्या तोंडाकडं बघून मशीन घेणार, ५० नावं संपली की मला "परफॉर्मन्स नाही" म्हणून घरी पाठवणार, आणि नवीन पोरगी तिच्या ५० नावांसकट आत. यांचा धंदा मशीनचा नाही, आमच्या नातेवाईकांचा आहे! मी यादी कोरीच परत दिली. शेजारची पोरगी मान खाली घालून भराभर लिहीत होती, तिच्या घरी काय परिस्थिती असेल देव जाणे, तिच्यावर मला काडीचा राग नाही, राग आहे तो तिला पेन देणाऱ्यावर.

काल एचआरचा परत मेसेज, "उद्या ११ पर्यंत कन्फर्म करा, सीट भरत आहेत." मी लिहून टाकलं की महिना ठरलेली रक्कम, पेट्रोल वेगळं, लेटर आणि आयकार्ड पहिल्या दिवशी, डिपॉझिट भरणार नाही, आणि तो कांड्यांचा डेमो करणार नाही, चालत असेल तर सांगा. ब्लू टिक आली, उत्तर नाही. मामाला कळलंय, तो रुसून बसलाय, बसू दे. कुपवाड एमआयडीसीत एका लॅबमध्ये टेस्टिंगचं काम आहे, १३ हजार, पीएफ कापतात, शिफ्ट आहे. सोमवारी सर्टिफिकेटं घेऊन तिकडं जातेय.