संवेग जातो कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

आधीच्या लेखात मी म्हटलं होतं की पाण्याखालच्या स्फोटात जहाजाच्या सँडविच पॅनलला (दोन पातळ पत्रे आणि मध्ये चिरडणारा मऊ गाभा) सलग पत्र्यापेक्षा कमी धक्का बसतो. तुमचा आक्षेप असा: संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्य असतो. कॅच घेताना हात मागे नेले तरी चेंडूचा संवेग तेवढाच, फक्त वेळ वाढतो. मग पाण्याखालच्या स्फोटात सँडविच पॅनलला तेवढ्याच वजनाच्या सलग पत्र्यापेक्षा कमी धक्का कसा बसेल? वर ‘मऊ गाभा ही जाहिरातबाजी’ हा टोलाही आहे.

टोला राहू द्या. कॅचमध्ये चेंडू हातात थांबतो, म्हणून त्याचा सगळा संवेग तुमच्या पदरात पडतो. पाण्यातली धक्कालहर थांबत नाही, परतते. न हलणाऱ्या भिंतीवरून ती दाब म्हणूनच परतते आणि भिंतीला दुप्पट संवेग देते. मोकळ्या पृष्ठभागावरून मात्र ती ताण, म्हणजे ओढ, होऊन परतते. पाण्याखाली स्फोट झाला की समुद्रावर क्षणभर पांढरा घुमट उठतो ना, तो याचाच. पाण्याला ओढ सोसत नाही, ते फाटतं. पत्रा या दोहोंच्या मधला. हलका असेल तर झटकन पुढे पळतो, मागचं पाणी फाटतं आणि ढकलणंच थांबतं. बाकीचा संवेग पाण्यातच राहतो. म्हणजे हिशेब कुठेच चुकत नाही.

हे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरनं १९४१ मध्ये मांडलं. लहरीचा दाब ०.१ मिलिसेकंदात ३७ टक्क्यांवर उतरतो असं धरा. तेवढ्या वेळात लहर १५ सेंटिमीटर जाते. एका चौरस मीटरवर तेवढं पाणी म्हणजे १५० किलो. पत्रा हलका की जड, हे या वजनाशी ताडून ठरतं. २० मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला १५६ किलो भरतो, आणि मागे हवा असेल तर येणाऱ्या संवेगाचा ७५ टक्के भाग घेतो. ५ मिलिमीटरचा, ३९ किलोंचा, फक्त ३२ टक्के. (पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी परत गणित केलं होतं.)

आता पुढे-मागे ५ मिलिमीटरचे पत्रे आणि उरलेलं वजन गाभ्यात घाला. पुढचा पत्रा ३२ टक्के घेतो, गाभा चिरडतो, संवेग सगळ्या १५६ किलोंत वाटला जातो. त्या वाटणीत पुढच्या पत्र्याची तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा जिरते. पॅनलच्या वाट्याला उरते ती सलग पत्र्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

पण इथेच माझी चूक आहे, आणि ती तुमच्यामुळे लक्षात आली. वरच्या हिशेबात गाभा जणू फुकट चिरडतो. खरा गाभा चिरडताना उलटा रेटतो. पुढचा पत्रा मंदावतो, फाटलेलं पाणी पुन्हा सांधतं आणि पुन्हा ढकलतं. गाभा कणखर असेल तर हे जास्तच. फारच लेचापेचा असेल तर पुढचा पत्रा थेट मागच्यावर आदळतो. तेव्हा ‘पाचवा हिस्सा’ म्हणजे अगदी उत्तम परिस्थितीतला आकडा. मागे हवेऐवजी पाण्याची टाकी असेल तर तोही लागू नाही. ‘मऊ’ हा शब्दही ढिला होता. कमी दाबाला, पण बराच वेळ चिरडत राहणारा गाभा हवा, असं म्हणायला हवं होतं.

स्वीडनच्या व्हिस्बी कॉर्व्हेटचा (छोट्या युद्धनौकेचा) दाखलाही मी त्या लेखात ओढूनताणूनच दिला. तिथे कार्बन फायबर आणि पीव्हीसी फोमचं सँडविच आहे खरं, पण हलकं वजन आणि रडारपासून लपणं ही कारणं त्यामागे ठळक आहेत. तुमच्या बाजूनं बोलायचं तर इटलीची लेरिची वर्गातली सुरुंगशोधक जहाजं घ्या: फायबरग्लासचं जाड, सलग कवच, आत फासळ्याही नाहीत.