शुगर आणि इन्सुलिनच्या जागांवरचा तो मेसेज चुकीचा आहे, कृपया वाचा

आमच्या ठाण्यात सकाळी तलावपाळीला फिरायला येणाऱ्या काका-काकूंच्या ग्रुपवर गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय, बाबांना तो तीन जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की बोटं टोचून नसा मरतात म्हणून शुगर कायम कोपराखाली हातावरच बघा, पोटात इन्सुलिन घेतलं की सुई आतड्याला लागते, मांडीत घेऊन लगेच चालायला लागा म्हणजे औषध छान भिनतं, आणि जिथे दुखत नाही अशी एक जागा धरून रोज तिथेच टोचा. बाबा 11 वर्षं इन्सुलिनवर आहेत आणि यातल्या दोन गोष्टी आम्हाला घरात चांगल्याच महागात पडल्यात, म्हणून लिहितेय.

आधी बोटाचं. बोट दुखतं हे खरंच आहे. पण मधोमध टोचायचं नसतं, कडेला टोचलं की कमी दुखतं, आणि दर वेळी बोट बदलायचं. डायबेटिसमध्ये नसा खराब होतात त्या वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने, त्या टोचणीने नाही. हातावर शुगर बघता येते, काही मशीनच्या पत्रकात तसं दिलेलंही असतं, पण बोटाच्या टोकाला रक्त भराभर खेळतं आणि हातावर हळू, त्यामुळे जेवल्यावर, चालून आल्यावर, इन्सुलिन घेतल्यावर शुगर पटपट बदलत असते तेव्हा हातावरचा आकडा मागे राहतो. गेल्या पावसाळ्यात बाबा उपवनला चक्कर मारून आले ते घामाघूम, हात थरथरत होते, मी हातावर घेतलं तर 94, म्हटलं ठीक आहे, जरा बसा. आईला पटेना, तिने बोटावर घेतलं, 58! लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तेव्हा 81. शुगर लो, म्हणजे फार कमी, झाल्यासारखं वाटलं तर बोटच, दुसरीकडे कुठेही नाही. आणि हात साबणाने धुऊन कोरडे करून मगच टोचा, आंबा कापलेल्या हाताने बघितलं तर आकडा खोटाच वाढून येतो.

आतड्याचं म्हणाल तर इन्सुलिनच्या पेनची सुई हल्ली बहुतेकांना 4 मिलिमीटरची देतात, कातडीच साधारण 2 मिलिमीटर असते, म्हणजे सुई खालच्या चरबीत जाते आणि इन्सुलिन तिथेच जायला हवं असतं. बेंबीच्या आजूबाजूची दोन-तीन बोटं जागा सोडायची, बस.

मांडीत घेऊन लगेच चालायला लागलात तर इन्सुलिन खरंच लवकर भिनतं, पण तेच तर नकोय, कारण मग शुगर रस्त्यातच लो होते. एरवी पोटातून ते सगळ्यात पटकन लागू पडतं, मांडी आणि कुल्ल्यातून हळू, जुन्या साध्या इन्सुलिनला हा फरक जास्त जाणवतो. म्हणून सकाळी कुठे आणि रात्री कुठे हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि रोज त्या वेळेला तोच भाग ठेवा.

पण भाग तोच म्हणजे टोचायचा ठिपका तोच असं नाही, आणि मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. बाबा कितीतरी वर्षं बेंबीच्या डावीकडे एकाच जागी घ्यायचे, का तर तिथे अजिबात दुखत नाही म्हणून. तिथे दुखत नव्हतं कारण खाली चरबीची गाठ झालेली, लिंबाएवढी, दिसत नव्हती पण हात फिरवला की लागायची. अशा गाठीतून इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं, कधी जातच नाही, त्यामुळे बाबांची उपाशीपोटीची शुगर एक दिवस 240 आणि दुसऱ्या दिवशी 70, आम्ही मात्र त्यांच्या खाण्यावरून भांडत बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी एका सिस्टरनी पोट चाचपून बघितलं तेव्हा कळलं. आता आई पोटाचे चार भाग धरते, एका आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून निदान एक बोट लांब. सुईही दर वेळी नवी, जुनी बोथट सुई पुन्हा वापरल्यानेही गाठी होतात.

तुम्हालाही गाठ लागली तर तिथे टोचणं थांबवा, पण आधी डॉक्टरांना फोन करा. चांगल्या जागेतून तोच डोस पूर्ण लागतो आणि शुगर धाडकन खाली येऊ शकते, बाबांचे जागा बदलल्या दिवसापासूनच डॉक्टरांनी 4 युनिट कमी केले होते.