वेचणीच्या दिवसांतला वर्ग

परवा तिसऱ्या बाकावरची पोरगी आठ दिवसांनी वर्गात उगवली. बोटांची टोकं सोललेली. कापूस वेचून आलेल्या माणसाला 'कुठे होतीस' असं आपल्याकडे विचारत नाहीत. पण ७५ टक्के हजेरीच्या नोटिशीत तिचं नाव होतं आणि ती नोटीस लावायचं काम माझ्याकडे. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: लॉकडाऊनमध्ये जे जमलं होतं, ते आपण फेकून का दिलं?

आमचं तालुक्याचं कॉलेज, मी तिथे हिशेब (अकाउंट्स) शिकवतो. पोरं सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंतची, एसटीच्या पासवर येणारी. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, २५ तारखेपासून देशच बंद. मग वरून निरोप: शिकवणं ऑनलाइन चालू ठेवा. पहिल्या झूमला ८४ पैकी ११ पोरं. त्यातली चार 'आवाज येत नाही' एवढं लिहून गेली. चाळीस मिनिटं झाली की फुकटची मीटिंग बंद, आणि मी अजून तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवतोय!

अहवाल मात्र झकास जात होते. स्क्रीनशॉट जोडा, लिंक जोडा. किती तास घेतले ते विचारणारे फॉर्म ढीगभर, पोरांना किती कळलं ते विचारणारा एकही नाही.

शेवटी एका गैरहजर पोराला शेजारच्याच्या नंबरावर गाठलं. म्हणाला, "सर, फोन मना नही शे, भाऊना शे. तो सांजले येस." फोन दिवसभर भावाच्या खिशात, भाऊ वावरात. म्हणजे सकाळी अकराचा माझा वर्ग मुळात त्याच्यासाठी नव्हताच.

झूम सोडलं. आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकायला लागलो. फळ्यावर खातं आखून मोकळं व्हायची सवय, आता ते बोलून सांगायचं: वही आडवी धर, मधोमध रेघ मार, डाव्या हाताला नावे, उजव्या हाताला जमा. थांब. लिहून झालं की पुढचं ऐक. बारा मिनिटांच्या वर जायचं नाही. सोबत खतावणीच्या (लेजरच्या) पानाचा एक फोटो, दोन डब्यांवर फोन आडवा ठेवून काढलेला. रेकॉर्डिंगला कूलर बंद, नाहीतर नुसती घरघर. खान्देशातला मे आणि कूलर बंद! रोजकीर्दीवर घाम टपकायचा.

शंका रात्री नऊनंतर यायच्या. घसाऱ्यावर एकीने विचारलं, "सर, ट्रॅक्टरची किंमत दरवर्षी कमी धरायची, मग बैल म्हातारा झाला तर?" वर्गात तीन वर्षं तोंड न उघडलेली पोरगी. त्या बैलावर मला दोन ऑडिओ करावे लागले.

ऑनलाइनची भलावण करत नाहीये. धडगावकडच्या पाड्यांवरची पोरं आमच्या हातून सुटलीच, रेंज नाही तिथे आवाज तरी कसा पोचणार? दोघी-तिघींची लग्नं त्या काळात उरकली गेली. अंतिम वर्षाची परीक्षा २०२० च्या ऑक्टोबरात बहुपर्यायी झाली, त्या गुणांबद्दल न बोललेलं बरं. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचे हाल तर वेगळ्या पोस्टचा विषय.

पण कॉलेजं पुन्हा उघडली तशी आम्ही बऱ्या-वाईटासकट सगळंच झाडून काढलं. ग्रुप बंद, आता प्रत्यक्ष या. अहो, दिवाळीच्या आगेमागे निम्मे बाक रिकामे, हे मी नोकरीला लागल्यापासून बघतोय. वेचणीची मजुरी किलोवर द्यावी लागते, घरचे दोन हात वावरात उतरले की तेवढे पैसे वाचतात. कोरोना नसतानाही ही पोरं दरवर्षी महिनाभर 'लॉकडाऊन'मध्येच असतात. त्यांच्यासाठी पहिल्यांदा एक वाट सापडली होती. ऑडिओ दिले तर पोरं येणारच नाहीत, असं स्टाफरूममध्ये ऐकवतात. साहेब, जी येत नाहीत ती आजही येत नाहीयेत.

माझा तेव्हाचा फोन बिघडला, त्यात रेकॉर्डिंग गेली. शेवटी एका माजी विद्यार्थ्याकडे सापडली, तो आता जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. ३८ पैकी ३१. काल रात्री ऐकत बसलो. घसाऱ्याच्या ऐन मध्यात आमच्या कुकरची शिट्टी आहे, ती कशी कापायची मला येत नाही. नवा ग्रुप काढलाय, आज तशीच टाकतो.