खडक राखा, माती विका

प्रादेशिक आराखड्याच्या समितीवर तुमची नेमणूक झाली, अभिनंदन! आता तुमच्यापुढे एक भलामोठा नकाशा पसरतील, हातात रंगीत पेन्सिली देतील आणि सांगतील, यातला कोणता ग्रामीण भाग विकासाला काढायचा आणि कोणता राखायचा ते ठरवा. घाबरू नका. महत्त्वाचे रंग दोनच. पिवळा म्हणजे घरं. हिरवा म्हणजे सध्या घरं नाहीत. यातला 'सध्या' हा शब्द नकाशावर लिहायचा नसतो, मनात ठेवायचा असतो.

सुरुवात हिरव्यापासून करा. आराखडा जाहीर झाला की पहिली बातमी येते ती 'इतके टक्के क्षेत्र हरित' हीच, त्यामुळे टक्के भरपूर हवेत. कडे, सुळके, दलदल, उच्चदाबाच्या तारांखालची पट्टी, जिथे बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते असा उतार, सगळं बिनधास्त हिरवं करून टाका. पुराचं पाणी येतं ती जमीन मात्र घाईने रंगवू नका. ती सपाट असते, आणि पूर काही रोज येत नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही, जगाची रीतच आहे. 2009 मध्ये दोन संशोधकांनी 147 देशांतली संरक्षित क्षेत्रं तपासली. बहुतेक देशांत ती उंचावर, तीव्र उतारावर, रस्त्यांपासून आणि शहरांपासून लांब निघाली. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय, तुम्ही मार्गदर्शन म्हणून वाचा. जिला कोणी हात लावणारच नव्हतं अशी जमीन राखली की संरक्षणाला कधी अपयश येत नाही. पन्नास वर्षांनी पाहणी करा, कडा जागच्या जागी असतो.

आता पिवळा. पिवळ्यासाठी जमीन सपाट हवी, निचऱ्याची हवी, पाणी जवळ हवं, रस्ता हवा, शहर हाकेच्या अंतरावर हवं. हेच सगळं चांगल्या शेतीलाही लागतं, हा निव्वळ योगायोग. शहरं मुळात तिथेच का वसली, हा प्रश्न बैठकीत काढू नका. जुन्या लोकांना रोज जेवायला लागायचं, म्हणून ते सुपीक मातीच्या कडेला राहिले. तेव्हा शहर ज्या बाजूला वाढेल त्या बाजूला ताट वाढलेलंच असतं. 2030 पर्यंत शहरांच्या विस्ताराखाली जाणारी शेतजमीन जगातल्या सरासरी शेतजमिनीच्या 1.77 पट पिकाऊ असेल, असा एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. याचा अर्थ आपली निवड अचूक आहे. हजार तज्ज्ञ बसवले असते तरी इतकी नेमकी जमीन हुडकता आली नसती.

योहान हाइनरिश फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदाराने 1826 मध्ये शहराभोवती शेतीची कडी कशी पडतात याचा हिशेब मांडला होता. अगदी जवळ दूध आणि भाजीपाला, मग जळणाचं जंगल, मग धान्य, आणि सगळ्यात लांब गुरं. माणूस हिशेबाला पक्का, पण एक पीक विसरला. त्या पिकाची पेरणी एकदाच करायची, पाणी द्यायचं नाही, राखण करायची नाही, आणि कापणी थेट खरेदीखतावर. ते म्हणजे प्लॉट. आज शहराभोवतीच्या पहिल्या कड्यात हेच पीक उभं असतं.

मातीचा तज्ज्ञ समितीत असेल तर तो सांगेल की दोन-तीन सेंटीमीटर माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. त्याचे मनापासून आभार माना. मग नम्रपणे आठवण करून द्या की आपल्या आराखड्याची मुदत वीस वर्षांची आहे, त्यामुळे हा विषय कार्यकक्षेत बसत नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर गुणांकन करा. कुठलाही निर्णय कोणीतरी घेतलेला दिसला की लोक चिडतात, बेरजेतून आलेला दिसला की गप्प बसतात. यातला उत्तम नमुना अमेरिकेचा. 1981 मध्ये तिथे शेतजमीन संरक्षण धोरणाचा कायदा झाला. केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या प्रकल्पात शेतजमीन जाणार असेल तर तिला गुण द्यायचे, मातीच्या प्रतीला 100 आणि भोवतालच्या परिस्थितीला 160, एकूण 260. बेरीज 160 च्या खाली आली तर जमीन वाचवण्याचा आणखी विचार करायला नको. वर आली तर विचार करायचा. नुसता विचार हं! जमीन द्यायची नाही असं कायदा कुठेच म्हणत नाही. आधी मोजा, मग हळहळा, मग द्या.

खरी मेजवानी भोवतालच्या त्या 160 गुणांत आहे, तिथे जरा रेंगाळा. भोवतालच्या एक मैलात शहरी वापर नसेल तर गुण. बांधाला बांध लागून शेतीच असेल तर गुण. गेल्या दहा वर्षांत निम्म्याहून जास्त वर्षं जमीन पिकाखाली असेल तर गुण. शेतावर गोठा, कोठार, फळझाडं, सिंचन असं काही उभं केलेलं असेल तर आणखी गुण. हे निकष ज्यांनी लिहिले ते भले लोक होते, आणि त्यांचा हेतू कागदावर स्वच्छ दिसतो. तुम्ही फक्त कागद उलटा धरा. तुमच्या मनातल्या जमिनीच्या शेजारी आधी एका गोदामाला अपवाद म्हणून परवानगी द्या. एकच, अगदी लहान. झालं, शेजाऱ्याचे गुण घसरले. त्याचं शेत गेलं की पुढच्याचे घसरतात. पुढच्याला काही करावंच लागत नाही, तो नुसता वाट पाहतो. दुसऱ्या देशाचा फॉर्म आपल्याला कशाला, असं कोणी म्हणालं तर सांगा की भोवताल मोजणारं कुठलंही गुणपत्रक असंच चालतं. पहिला अपवाद कोणाला मिळाला एवढंच पाहायचं, बाकीची रांग आपोआप लागते.

वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचं काय होतं हेही लक्षात ठेवा, ते फार उपयोगी आहे. आपली जमीन आज ना उद्या पिवळी होणार असं ऐकल्यावर कोण नवी फळबाग लावतो? कोण बांध घालतो, कोण निचऱ्याचे चर काढतो? गोठ्याचं छप्पर गळतं ते गळू दिलं जातं. खत-बियाण्याचा दुकानदार गिऱ्हाईक नाही म्हणून निघून जातो, मग राहिलेल्यांनाही परवडत नाही. चार-पाच वर्षांत जमीन पड दिसायला लागते. तेव्हा समितीला घेऊन पाहणीला जा आणि हळहळून म्हणा, "इथे शेती होतेच कुठे?" वाक्य खरं असेल. तुमच्या अफवेनेच ते खरं झालंय, हे इतिवृत्तात येत नाही.

आता हिरव्यातून पिवळ्यात न्यायची गोष्ट. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात 2005 पासून मोठा हरित पट्टा आहे. 2022 मध्ये तिथल्या सरकारने त्यातल्या 15 जागा, मिळून सुमारे 7,400 एकर, घरांसाठी काढल्या आणि बदल्यात दुसरीकडे सुमारे 9,400 एकर पट्ट्यात घातले. पाहा, हिरवा वाढलाच! चौथीच्या मुलालासुद्धा नाव ठेवता येणार नाही. पुढे 2023 मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी हिशेब मांडला की काढलेल्या जमिनींच्या मालकांना 8.3 अब्ज डॉलरहून अधिक लाभ होऊ शकतो, आणि निवडीत काही विकासकांना झुकतं माप मिळालं. गदारोळ झाला, मंत्री गेले, निर्णय मागे घेतला. यातून शिकायचं ते एवढंच की पंधरा जागा एकदम काढू नयेत. दर बैठकीला एक काढावी, तीही चहाच्या आधीच्या विषयात.

हरित पट्टा आखायचाच असेल तर गोल आखा, दिसायला छान दिसतो. कॅनडाची राजधानी ओटावाला 1950 च्या आराखड्यात फ्रेंच नगररचनाकार झ्याक ग्रेबेर यांनी असाच सुबक पट्टा सुचवला होता. पट्टा आजही आहे. शहर त्यावरून टुणकन उडी मारून पलीकडे वाढलं, आणि लोक रोज सकाळी हिरवळ पाहत पाहत कामावर येतात, संध्याकाळी पाहत पाहत परततात. पेट्रोल जळतं, पण निसर्गाशी नातं टिकतं. आणि पट्ट्याचा फारच जाच झाला तर इंग्लंडकडे पाहा. तिथे हिरवा काढणं अवघड म्हणून 2024 मध्ये हिरव्याच्या पोटात 'राखाडी पट्टा', म्हणजे घरांना देता येईल असा हिरवा, हा नवा प्रकार धोरणात आणला. पेन्सिलींच्या डबीत तो रंग आहे का, आधीच पाहून ठेवा.

कोणीतरी समितीत कोपनहेगनचं नाव घेणारच. 1947 मध्ये तिथे पंजाच्या आकाराचा आराखडा केला: रेल्वेमार्गाच्या कडेने बोटांसारखी वस्ती, बोटांच्या बेचक्यांत मोकळी जमीन. आवडला म्हणा. बोटं तशीच्या तशी रंगवा. रेल्वे दुसऱ्या टप्प्यात.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) उदाहरण जास्त धोक्याचं. तिथे 1980 मध्ये सुमारे 93,000 एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखला. 25 एकरांमागे एकच घर, आणि नुकसानीपोटी शेतकऱ्याला दर 5 एकरांमागे एक बांधकामहक्क, जो तो विकू शकतो. विकत घेणाऱ्याने घरं बांधायची ती ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी. म्हणजे शेत राखायचं तर त्याची किंमत शहराने मोजायची, असा सरळ व्यवहार. त्यातलं बंधन तेवढं उचला, मोबदला विसरा. शेतकऱ्याला फुकटात हिरवा केला की तो तुमच्या हरित धोरणाचा सगळ्यात कडवा शत्रू होतो आणि विकासकाचं काम न मागता करतो. मोबदला द्यावाच लागला तर हक्काची प्रमाणपत्रं जरूर वाटा, पण ती वापरायची कुठे ते ठरवू नका. शेतकऱ्याने ती चौकट करून भिंतीवर लावावीत.

खर्चाचा मुद्दा काढणारा एखादा लेखापाल निघतो. अमेरिकेतल्या शंभराहून जास्त ठिकाणच्या अभ्यासांचा साधारण कल तो सांगेल: घरांकडून आलेल्या एका डॉलरमागे स्थानिक संस्थेचा सेवांवरचा खर्च डॉलरच्या वर जातो, आणि शेतजमिनीकडून आलेल्या डॉलरमागे निम्माही होत नाही. शेताला शाळा लागत नाही, गटार लागत नाही, गाई अग्निशमन दलाला फोन करत नाहीत. लेखापालाला दुसऱ्या उपसमितीवर घ्या.

हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, मागवा. सुनावणी पेरणीच्या दिवसांत, सकाळी. नकाशा इतक्या बारीक प्रमाणावर छापा की शेतकऱ्याला आपलं शेत रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे भिंग घेऊनही कळू नये. रेघच शेताएवढी जाड असावी.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. इतकं काम केल्यावर घर हवंच. ते पिवळ्याच्या अगदी शेवटच्या रांगेत घ्या, जिथून पुढे हिरवं सुरू होतं. खिडकी उघडली की शेत, शेतापलीकडे टेकडी, कोणी आडवं नाही. राहायला गेलात की पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना जमवून परिसर बचाव समिती काढा आणि अध्यक्ष व्हा. कारण पुढचा फेरबदल तुमच्या खिडकीसमोरच्या शेताचा असणार आहे. त्याचे गुण तुमच्या घरामुळे कालच घसरले. हरकत साध्या कागदावर चालते. शेवटची तारीख सूचनेत दिली आहे, आणि सूचना तुम्हीच शिकवल्याप्रमाणे कचेरीच्या मागच्या दाराला चिकटवली आहे, आतल्या बाजूने.