पॅच टाकला म्हणून तिकीट क्लोज? अजिबात नाही!

"पॅच टाकला ना? मग आता काय राहिलं?"

पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती, टाकला की तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, बंद करा म्हणणाऱ्यांचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, सगळंच राहिलंय! कोणीतरी परका माणूस, लॉगिनसुद्धा न करता, आपल्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवून गेलाय. चोर घरात आहे आणि तुम्ही दाराला नवी कडी लावून मोकळे होताय.

जुलै २०२५ चं शेअरपॉइंटचं, म्हणजे कंपन्या कागदपत्रं ठेवायला वापरतात त्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण घ्या. मे महिन्यात बर्लिनच्या पोन-टू-ओन या हॅकिंग स्पर्धेत तो हल्ला करून दाखवला होता. ८ जुलैला मायक्रोसॉफ्टचा पॅच आला आणि तो अपुरा निघाला. हल्लेखोरांनी त्याला बगल दिली. तातडीचे पॅच यायला २०-२१ तारीख उजाडली. म्हणजे ज्यांनी वेळेवर, इमानदारीत पॅच टाकला, त्यांचेही सर्व्हर उघडेच होते. चीड येणार नाही तर काय होईल?

आणि खरी मेख तर पुढेच आहे. आत शिरलेल्यांनी सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे त्याच्या गुप्त किल्ल्या, उचलल्या. आलेला व्ह्यूस्टेट, म्हणजे वेबपानासोबत ये-जा करणारा डेटा, खरा की बनावट, हे सर्व्हर याच कीवरून ओळखतो. ती एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की पॅच टाकलेला सर्व्हरसुद्धा त्यांचा बनावट माल आपलाच समजून उघडतो आणि आतला कोड चालवतो. म्हणून की बदलायच्या, आयआयएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर, रीस्टार्ट करायचं. हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. उत्तर काय मिळालं? "महिनाअखेर आहे, डाउनटाइम मिळणार नाही."

त्या रात्री दीड वाजता मी लॉग उपसत बसलो होतो. वेब सर्व्हरच्या प्रोसेसखाली पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं कमांड चालवायचं साधन, सुरू झालेलं, त्यापुढे एनकोड केलेली लांबलचक कमांड. शेअरपॉइंटच्या लेआउट्स फोल्डरमध्ये एक एएसपीएक्स फाइल, म्हणजे सर्व्हरवर कोड चालवणारं वेबपान, आमच्यापैकी कोणीही न ठेवलेली. तिची वेळ पाहिली आणि पोटात गोळा आला. पॅच टाकायच्या दोन दिवस आधीची होती! सकाळी हे सगळं समोर ठेवलं, तरी म्हणे, "पॅच झालाय, रिपोर्टमध्ये क्लोज दाखव."

मुळात हे भोक पडतंच का? बाहेरून आलेला डेटा तपासायच्या आधीच डीसीरियलाइझ करायचा, म्हणजे उलगडून त्यातून प्रोग्रामचे ऑब्जेक्ट बनवायचे, ही चूक काल-परवाची नाही. २०१५ मध्येच वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेनकिन्स या जावा भाषेतल्या सगळ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर हाच प्रकार चालतो हे उघड झालं होतं. त्याला दहा वर्षं झाली. लायसन्सचे बक्कळ पैसे घेणाऱ्यांनी एवढ्या काळात हे मुळातून उपटून टाकायला नको होतं?

लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या फुकट जावा लायब्ररीतही असंच मोठं भोक निघालं होतं, पण ती सांभाळणाऱ्यांवर मात्र माझा राग नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्या मोजक्या स्वयंसेवकांनी रात्रीचा दिवस करून २.१५, २.१६, २.१७ अशा आवृत्त्या काढल्या. राग आहे तो त्यांची लायब्ररी फुकटात आपल्या प्रॉडक्टमध्ये कोंबून विकणाऱ्यांवर. आमच्या एका व्हेंडरला "तुमच्या जारमध्ये (जावा प्रोग्रामच्या फाइलमध्ये) ती आहे का?" एवढंच विचारलं होतं. तीन आठवडे "तपास चालू आहे"! शेवटी जार उघडून आम्हीच शोधली.

डाउनटाइम नाही म्हणणाऱ्यांनी एक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणारी अमेरिकन कंपनी आठवावी. ती वापरत असलेल्या स्ट्रट्स या जावा सॉफ्टवेअरचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला होता, चोर शिरले मेमध्ये. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्या लोकांनी काय पाप केलं होतं?

ते तिकीट मी क्लोज केलेलं नाही आणि करणारही नाही. की बदललेल्या नाहीत, त्या सर्व्हरवरून पुढे कुठे कुठे हात पोचला ते तपासलेलं नाही, सर्व्हिस अकाउंटचा पासवर्डसुद्धा जुनाच आहे. रोज सकाळच्या मीटिंगला ते लाल दिसतंय ना? दिसू दे.