तो घोट चाखणं नाटक नव्हे

नमस्कार. रेस्टॉरंटमध्ये वाईन बिनधास्त कशी मागवावी, या माझ्या लेखाला तुम्ही 'साहेबी थेरं' म्हटलंत. वेटरने बाटली उघडून आधी ओतलेला घोट चाखून मान डोलावणं हे नाटक, आणि 'वेटरला विचारा' हा सल्ला म्हणजे आपणहून खिसा कापून घेणं, असे तुमचे दोन मुख्य आक्षेप. दुसऱ्यात दम आहे. पहिल्यात नाही.

आधी घोटाचं. वाईन आवडली की नाही हे ठरवायला तो ओततच नाहीत. बाटली खराब निघालेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. बुचामुळे कधीकधी टीसीए नावाचं रसायन वाईनमध्ये उतरतं. मग फळाचा वास मरतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो. तो नुसत्या नाकालाही कळतो, घोट घ्यायचीसुद्धा गरज नाही. असा वास आला तर बाटली बदलून मागा, त्यात भीड कसली? 'मला वाटलं गोड असेल' म्हणून मात्र ती परत करता येत नाही. नाशिकच्या पुष्कळ बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, तिथे बुचाचा प्रश्नच येत नाही. पण बाटली उन्हाळ्यात कुठे तापली असेल तर शिजलेल्या फळांचा वास येतो, म्हणून तिथेही हुंगून बघावं.

आता खिशाचं. वेटर महागडी बाटली खपवायला बघेल, हे खरं. त्याचा तो धंदा आहे. पण 'तुमच्याकडची चांगली कोणती?' असं विचारलं तर पाकीट आपणच त्याच्या हातात देतो. पाहुण्यांसमोर आकडा बोलायचा संकोच वाटतो ना? मग बोलू नका. यादीतल्या परवडणाऱ्या भावावर बोट ठेवा आणि म्हणा, 'साधारण अशी बघा. फार तुरट नको, आम्ही सुरमई मागवतोय.' किंमत बोटाने सांगायची, चव तोंडाने. एवढं सांगितल्यावर त्याला फारसं भरकटवता येत नाही. द्राक्षांच्या जातींची फ्रेंच नावं पाठ असण्याची तर काहीच गरज नाही, चुकीचा उच्चार केला म्हणून वाईन आंबत नाही.

हिशेबाचं म्हणाल तर बाटली 750 मिलीची, ग्लास बहुधा 150चा, म्हणजे पाच ग्लास. ग्लासच्या भावाला पाचाने गुणा आणि बाटलीच्या भावाशी ताडून बघा. एकटे असाल तर ग्लासच बरा, पण 'ही बाटली उघडली कधी?' हे जरूर विचारा. उघडून चार दिवस झालेली वाईन मला कोणी फुकट दिली तरी नको. आणि हो, मद्याला जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट लागतो. तो यादीतल्या भावात धरलाय की वरून लागणार, तेही आधीच विचारून घ्या.

तांबड्या रश्श्याबरोबर वाईन म्हणजे दोघांचाही अपमान, हे तुमचं वाक्य मला आवडलं. अर्धं पटलंही. तुरट, कडक लाल वाईनने मिरचीची आग आणखी भडकते. पण शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन, किंचित गोडसर आणि थंडगार, त्याच रश्श्याबरोबर घेऊन बघा, मग बोलू.

लाल वाईन 'रूम टेंपरेचर'लाच प्यायची, असं एका वेटरने तुम्हाला सुनावलं म्हणता. हा नियम युरोपातल्या गार घरांमधला. लाल वाईनला 16 ते 18 अंश मानवतात. मे महिन्यातल्या दादरच्या खोलीत काय होतं, ते मी सांगायला नको. कोमट लाल वाईनमध्ये अल्कोहोल तेवढं नाकात जातं, बाकी काही कळत नाही. बर्फ आणि पाणी घातलेली बादली मागवा, दहा-पंधरा मिनिटं बाटली त्यात ठेवा. वेटर हसला तर हसू दे, पिणार तुम्ही आहात.

शेवटी तुम्ही लिहिलंय, सुरमईबरोबर सोलकढीच हवी. माझी कुठे ना आहे? मीही पुष्कळदा तीच मागवतो. टेबलावरच्या चौघांना वाईन हवी असते आणि यादी नेमकी आपल्या हातात येते, तेवढ्या वेळेपुरताच तो लेख होता.