मालकाचं उत्तर : सायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल का वाकला आणि ६५० रुपये कशाचे

नमस्कार सर. आमच्या सायकलच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. चाकासाठी चार दिवस थांबावं लागलं आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तुटक बोलला, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

पण "१४,५०० ची एमटीबी महिन्यात वाकली, वर ६५० रुपये उकळले" (एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरी सायकल) असं चारचौघांत लिहिलंत, म्हणून बोलणं भाग आहे. एक्सल (चाकाच्या मधला दांडा) आणि त्यावरचे कोन यांचा सेट २२०, छर्रे १८ (दोन्ही बाजूंना नऊ-नऊ) ३०, आणि चाक उघडून बसवणं व रिमचा आऊट (वाकडेपणा) काढणं याची मजुरी ४००. बिलावर सगळं वेगवेगळं लिहिलेलं आहे.

एक्सल वाकला तो नेमका उजवीकडे, फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याच्या) आत. या किमतीच्या सायकलला हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसणारं सात गिअरचं फ्रीव्हील येतं. त्यामुळे उजवे छर्रे हबच्या आत राहतात आणि तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंत साडेतीन-चार सेंटिमीटर एक्सल अधांतरी असतो. जाडी १० मिमी. रस्त्यावर, अगदी आपल्या खड्ड्यांतही, तो निभावतो. दगडी पायरीवरून चाक खाली आदळलं की सगळा मार त्या अधांतरी तुकड्यावर येतो. कॅसेटच्या हबला (यात दातेरी चक्रं हबच्याच फिरत्या भागावर, म्हणजे फ्रीहबवर, सरकवून बसवतात) उजवे छर्रे फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाशी असतात, म्हणून तिथे एक्सल सहसा वाकत नाही.

सायकल "फक्त ऑफिसला" वापरली म्हणता. मग ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा आणि त्याच जागी रिमची कड चेपलेली कशी? खिळ्याने एकच भोक पडतं. हवा कमी असताना टायर दगडावर आपटला, ट्यूब रिममध्ये चिमटली, की अशा जोडचिरा पडतात. आणि सर, तुमच्याच रिव्ह्यूतल्या दुसऱ्या फोटोत सायकल सिंहगडाच्या पायवाटेवर उभी आहे.

फ्रेमवर एमटीबी लिहिलंय म्हटल्यावर माणूस ती डोंगरावर नेणारच, हे मान्य. विकतानाच सांगायला हवं होतं, यापुढे सांगू. गडावर जायचंच असेल तर मागचं चाक कॅसेट हब आणि डबल वॉल (दुहेरी भिंतीच्या) रिमचं बांधून घ्या. गिअर बदलायचा तुमचा शिफ्टर तोच चालेल. सात गिअरची कॅसेट आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) टाकून बसते. मजुरी घेणार नाही, सामानाचे पैसे तेवढे द्या. पुढच्या फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग आहे, डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय) नाही, तेव्हा उड्या तरीही नकोत. हवा ३५ पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि जमलं तर "उकळले" हा शब्द तेवढा काढा.